मेलचं दुसरं दार

१

सहा दात हरवले होते. खरे नव्हेत, अजून बनायचेच होते. पण ते कोणत्या मापाचे आणि कोणत्या रंगाचे करायचे हे सांगणारा मेल हरवला होता. ज्या बाईंच्या तोंडात ते बसायचे, त्या ठरल्या वेळी क्लिनिकच्या खुर्चीत तोंड उघडून बसल्या, तेव्हा डॉक्टरांच्या हातात काहीच नव्हतं. त्यांनी तिथूनच दात बनवणाऱ्या लॅबच्या मालकांना फोन लावला आणि जे सुनावायचं ते त्या बाईंच्या देखत सुनावलं.

एकदाच झालं असतं तर निभावलं असतं. पण गेले काही आठवडे अधूनमधून एखादा मेल असाच गडप होत होता. पाठवणारे शपथेवर सांगत, पाठवला. आणि लॅबचं ऑफिस सांभाळणारी बाई शपथेवर सांगे, आलाच नाही.

ती बाई म्हणजे भिंगरीची मावशी.

भिंगरी नुकतीच पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन घरी बसली होती. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून पडलेलं नाव मोठेपणीही चिकटून राहिलं होतं. आणि विज्ञान शिकली एवढ्या कारणावरून नात्यातल्या प्रत्येक रुसलेल्या फोनची आणि प्रिंटरची ती डॉक्टर झाली होती. त्यामुळे मावशीचा फोन आला तेव्हा तिला आधी नवल वाटलं नाही.

"तू इकडे ये. आत्ता," मावशी म्हणाली. "आणि वाटेत फोन करून काही विचारत बसू नकोस. इथे सगळ्यांना ऐकू जातं."

मावशीचा आवाज एरवी असा बारीक होत नसे. आई गेल्यापासून तिला वाढवलं ते मावशीने, आणि घर चालत होतं ते याच लॅबच्या पगारावर.

लॅब दुसऱ्या मजल्यावर होती. दार उघडलं की कॉम्प्रेसरची घरघर आणि तापलेल्या मेणाचा वास अंगावर येई. पुढच्या खोलीत मावशीचं टेबल, काचेपलीकडे मालकांची केबिन, मधल्या खोलीत प्लास्टरचे साचे ओतायची मोरी, आणि सगळ्यात मागे मोठ्या खिडकीची खोली, जिथे नव्या दातांचा रंग जुन्या दातांशी जुळवत.

मालक एका कोऱ्या कंप्युटरसमोर बसले होते.

"या, शास्त्रज्ञ या," ते म्हणाले. "बघा तुमच्या मावशीचे प्रताप."

"मी त्याला बोटसुद्धा लावलेलं नाही," मावशी दारातूनच म्हणाली.

"मी सांगतो, तुम्ही फक्त ऐका." मालक भिंगरीकडे वळले. "मेल गायब होतायत म्हणून मी पासवर्ड बदलला. बदलल्या क्षणापासून गायब होणं थांबलं. म्हणजे जुना पासवर्ड कुणीतरी वापरत होतं. जुना पासवर्ड कुणाला माहीत होता? मला आणि बाईंना. आता मी माझेच मेल चोरणार का? आणि रस्त्यापलीकडे कुणाची लॅब आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे."

रस्त्यापलीकडे त्यांच्या जुन्या भागीदाराची लॅब होती. भांडून वेगळा झाला, पाटी लावली, आणि ज्या डॉक्टरांचे मेल इथे गडप होत ते वैतागून हळूहळू तिकडे वळू लागले. मावशी त्या भागीदाराशी रस्त्यात भेटला की अजूनही दोन शब्द बोलत असे. एवढाच तिच्याविरुद्धचा पुरावा, पण मालकांना तो पुरला होता.

"म्हणून हा नवा मेल-प्रोग्रॅम घेतला. आता सगळे मेल आधी माझ्या टेबलावर उतरतील, मी बघेन, मग बाईंना देईन. पण हा लेकाचा आतच घेत नाही!"

पडद्यावर एक चौकट उभी होती: प्रवेश नाकारला. नाव किंवा पासवर्ड चुकीचा.

"परवा संध्याकाळी मी एका नव्या माणसाला बोलावलंय," मालक जरा खालच्या पट्टीत म्हणाले. "तोवर या सगळ्याचा उलगडा झाला तर ठीक. नाहीतर बाई, ऑफिसच्या किल्ल्या टेबलावर ठेवा आणि मोकळ्या व्हा."

टेबलावरचे डबे सरळच होते, तरी मावशीने ते पुन्हा एकदा सरळ केले.

२

भिंगरी कामाला लागली. तिला एकच पद्धत माहीत होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं.

पासवर्ड चुकीचा म्हणतोय? मग तोच पासवर्ड ब्राउझरमध्ये टाकून बघू. वेबमेल सुरळीत उघडला. म्हणजे पासवर्ड बरोबर. प्रोग्रॅममध्ये नाव अर्धंच टाकलंय का? नाही, पूर्ण पत्ता आहे. मेल आणणाऱ्या सर्व्हरचं नाव, मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचं नाव, पोर्टचा आकडा, सुरक्षित जोडणीची खूण, सगळं सेवेच्या मदतपानाशी ताडून पाहिलं. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. प्रोग्रॅम मात्र 'टुण्' करून तीच चौकट पुढे करायचा. त्या आवाजासरशी काचेपलीकडे मावशीची मान वर होई.

"मालक," भिंगरी म्हणाली, "वेबमेलला दोन दारं असतात असं समजा. ब्राउझरमधून शिरायचं ते पुढचं. असले प्रोग्रॅम शिरतात ते मागचं. पुष्कळदा मागचं दार बंदच असतं, सेटिंगमध्ये जाऊन उघडावं लागतं. तुम्ही उघडलंत का?"

"असं काही असतं हेच मला माहीत नाही."

"मावशी, तुला?"

"मला मेल वाचता येतो आणि त्या त्या क्लिनिकच्या फोल्डरमध्ये ओढून टाकता येतो," मावशी म्हणाली. "आला की वाचला, वाचला की ओढला. इनबॉक्स मी स्वच्छ ठेवते. त्यापलीकडे मी जात नाही."

भिंगरीने सेटिंग उघडलं आणि तिचा हात माउसवरच थांबला. मागचं दार उघडंच होतं. कुणीतरी, कधीतरी, मुद्दाम उघडलेलं. त्याच्याखाली आणखी एक खूण केलेली होती: प्रोग्रॅमने इनबॉक्समधला मेल उतरवून नेला की इथली प्रत पुसावी.

"मावशी! तुझे मेल चोरीला जात नव्हते," ती म्हणाली. "कुणाच्या तरी कंप्युटरवर रीतसर उतरत होते. दुसरा एक प्रोग्रॅम जोडलेला आहे. तू खुर्चीत असताना मेल आला की तू तो लगेच फोल्डरमध्ये ओढतेस, म्हणून तो शाबूत राहतो. तू उठलीस, आणि तेवढ्यात त्या प्रोग्रॅमने इनबॉक्स पाहिला, की मेल त्याचा."

"म्हणजे मी खरंच सांगत होते?"

"तू खरंच सांगत होतीस."

मालक उठून मागे येऊन उभे राहिले. "कुणाचा कंप्युटर?"

भिंगरीने सुरक्षेचं पान उघडलं. तिथे सूचना होती: वारंवार चुकीचा पासवर्ड आल्यामुळे बाहेरच्या प्रोग्रॅमना काही काळ प्रवेश बंद. म्हणजे तो दुसरा प्रोग्रॅम अजूनही मागचं दार ठोठावत होता. त्याच्या धक्क्यांनी दाराला आपोआप कडी लागत होती, आणि मालकांचा नवा प्रोग्रॅम बरोबर पासवर्ड घेऊन बाहेर ताटकळत होता. आता प्रश्न एवढाच, की ठोठावणारा आहे कुठे? रस्त्यापलीकडे?

तिने पुढची ओळ वाचली आणि वाचली नसती तर बरं, असं तिला झालं.

"काय लिहिलंय?" मालकांनी विचारलं.

"हे प्रयत्न," भिंगरी हळू म्हणाली, "याच लॅबच्या इंटरनेटवरून होतायत."

मालकांनी काचेतून मावशीकडे नुसतं पाहिलं.

३

"पण मावशीला नवा पासवर्ड माहीत आहे, तुम्हीच सांगितलात," भिंगरी म्हणाली. "जिच्याकडे बरोबर किल्ली आहे ती चुकीच्या किल्लीने कुलूप कशाला खटखटवेल?"

"स्वतःवर आळ येऊ नये म्हणून. नाहीतर बाईंनी जुना पासवर्ड ज्याला दिला होता, त्याला नवा द्यायची सोय राहिली नाही म्हणून. मला काय माहीत? शास्त्रज्ञ तुम्ही."

तेवढ्यात मावशीच्या टेबलावरचा फोन वाजला. तिने उचलला, ऐकलं, आणि "हो का? बरं" एवढंच म्हणून खाली ठेवला.

"काय गं?"

"पलीकडच्या गल्लीतल्या क्लिनिकमधली मुलगी. विचारत होती, तुमचं काम संपतंय म्हणे." मावशीने फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "डॉक्टरांना सांगितलंय यांनी. तीन डॉक्टरांना. आमचे मेल आमच्याच ऑफिसातून फुटत होते, बाईंना काढतोय, असं."

म्हणजे हा प्रश्न नुसता नोकरीचा राहिला नव्हता. या व्यवसायात सगळे सगळ्यांना ओळखत. हे नाव लागलं की मावशीला दुसऱ्या लॅबमध्येही कुणी उभं करणार नव्हतं.

लॅबमध्ये मालक आणि मावशी सोडून दोनच माणसं होती. भिंगरी आधी मोरीकडे गेली. तिथे साचे ओतणारा तरुण, डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टरने पांढरा. गिरणीतून आल्यासारखा दिसतो म्हणून त्याला सगळे पिठ्या म्हणत.

"मेलचं मला काय विचारता?" तो साचा ठोकत म्हणाला. "माझे हात बघा. या हातांनी मी कीबोर्डला शिवलो तर बाई मला जिवंत ठेवतील?"

बोलता बोलता त्याच्या खिशातला फोन थरथरला. त्याने पटकन बघितला आणि तितक्याच पटकन आत सारला. भिंगरीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

मागच्या खोलीत रंगमास्तर होते. खिडकीतून भरपूर ऊन आत येत होतं. ते एका हातात पोर्सेलीनचा दात धरून समोरच्या कंप्युटरवरच्या फोटोशी ताडून पाहत होते. पडद्याभोवती त्यांनी राखाडी पुठ्ठ्याची रुंद चौकट चिकटवली होती. मधल्या भोकातून फक्त कुणाचे तरी उघडे दात दिसत होते.

"उजेडातून बाजूला हो," त्यांनी न बघताच सांगितलं.

भिंगरी भिंतीला टेकली. "मास्तर, हा पुठ्ठा कशाला?"

"पडद्यावरची ती लाल-निळी चित्रं डोळा बिघडवतात. पांढऱ्याच्या शेजारी निळं दिसलं की पांढरं पिवळं वाटायला लागतं. म्हणून सगळं झाकून टाकलं. आणि फोटो बघायचा तो याच उजेडात, दाताच्या शेजारी. ट्यूबलाइटखाली सगळे दात खोटं बोलतात."

"हा कंप्युटर तुमचा?"

"माझा मध्यंतरी बंद पडला, म्हणून मालकांनी आपला जुना दिला. बरा आहे."

"यावर इंटरनेट?"

"माझ्याकडे नेट-बिट काही नाही. फोटो बाई पेनड्राइव्हवर आणून देतात. झालं तुझं? ढग यायला लागलेत, मला हा एक उरकू दे."

भिंगरी पुढे आली तोवर आभाळ खरंच भरून आलं होतं. मावशीने ट्यूब लावल्या. पिठ्या तयार साच्यांच्या पेट्या घेऊन डिलिव्हरीला बाहेर पडला. आणि थोड्या वेळाने केबिनमधून मालकांची हाक आली, "अरे, हे चालू झालं!"

मेल भराभर उतरत होते.

"काय केलंत?"

"काहीच नाही," भिंगरी म्हणाली, आणि तिला आनंद व्हायच्याऐवजी भीती वाटली. काहीही न करता जे चालू होतं, ते काहीही न करता बंदही पडणार.

४

दुसऱ्या दिवशी सकाळपासून कडक ऊन होतं. मेल बंद. टुण्. टुण्. मावशीने प्रत्येक 'टुण्' सोसला.

भिंगरी अस्वस्थपणे पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. पिठ्या दिवसभर मोरीवर होता. उन्हं कलली तसा तो पेट्या घेऊन बाहेर पडला, आणि थोड्याच वेळात मेल चालू झाला. कालही तो गेला तेव्हाच चालू झाला होता.

पिठ्या परतला तो मालक, मावशी आणि भिंगरी तिघंही दारात. त्याने पेट्या खाली ठेवल्या.

"काय झालं? कुणी गेलं का?"

"तू गेलास की मेल चालतो," भिंगरी म्हणाली. "इथे असलास की बंद असतो. तुझा फोन दाखव."

पिठ्याचा चेहरा प्लास्टरखालीही उतरलेला दिसला. "फोनचं काय?"

"कालपासून लपवतोयस तो. त्यात ऑफिसचा मेल जोडलेला आहे का?"

त्याने मावशीकडे पाहिलं. मावशीने मान खाली घातली होती. तिलाही तो चोर निघावा असं वाटत नव्हतं, हे भिंगरीला स्पष्ट दिसलं. पिठ्याने सुस्कारा टाकला, हात पँटला पुसले आणि फोन पुढे केला.

"बघा. मेल-बिल काही नाही. निरोप आहेत ते समोरच्या लॅबमधले. ते मला बोलावतायत. डिलिव्हरीला जातो तेव्हा भेटून येतो, पगाराचं बोलणं चाललंय." तो मालकांकडे बघत म्हणाला, "आता कळलंच आहे तर सांगतो, तुमच्यापेक्षा जास्त देतायत."

मालकांचा आवाज चढला. "म्हणजे हाच!"

"काय हाच? अहो, ताई म्हणतात ठोठावणारा इथल्या वाय-फायवर आहे. तुम्ही मला वाय-फायचा पासवर्ड दिलात का कधी? मागून मागून थकलो. म्हणालात, काम करा, सिनेमे बघू नका."

भिंगरीने फोन तपासला. लॅबचं वाय-फाय त्यात नव्हतं, कधी जोडलेलंही नव्हतं. ठोठावणारा हा नव्हे.

घरी जाताना मावशी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. तशीच म्हणाली, "त्या पोराला उगाच उघडं पाडलंस."

"चुकलं माझं."

"उद्या चुकू नकोस. उद्यानंतर चुकायलाही मला टेबल नसेल."

पिठ्या जायचा आणि मेल चालू व्हायचा, या दोन गोष्टी बरोबरीने घडत होत्या एवढं भिंगरीने पाहिलं होतं, आणि एकीमुळे दुसरी घडते असं धरून चालली होती. पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत याच चुकीसाठी तिची वही लाल व्हायची. बरोबरीने आणखी काय घडत होतं? ती आठवू लागली, पण मावशीच्या मांडीवरच्या पर्सची चेन उघडत-मिटत राहण्याचा आवाज येत होता आणि डोकं चालेना.

५

शेवटच्या दिवशी सकाळी आभाळ झाकोळलेलं होतं. भिंगरी केबिनमध्ये शिरली आणि थबकली. मेल चालू होता.

मालक हजर. मावशी हजर. पिठ्या मोरीवर, मालकांशी न बोलता, साचे ओततोय. रंगमास्तर मागे बसून घासकाम करतायत. सगळेच्या सगळे हजर, आणि तरी मागचं दार कुणी ठोठावत नव्हतं.

"सुटलं वाटतं एकदाचं," मालक म्हणाले. "म्हणजे काल बिंग फुटल्यावर कुणीतरी शहाणं झालं. पण नाव नाही कळलं, आणि नाव कळल्याशिवाय मी बाईंना ठेवू शकत नाही. संध्याकाळी तो माणूस येतोय."

मावशी टेबलाचा खण रिकामा करत होती. चष्म्याचं जुनं घर, सुई-दोऱ्याची डबी, भिंगरीचा शाळेतला फोटो. एकेक वस्तू पिशवीत जात होती. भिंगरीला ते बघवेना, म्हणून ती वर पाहू लागली. डोक्यावर ट्यूब जळत होती. आज सकाळपासूनच लावलेली.

पहिल्या दिवशी दुपारी मेल चालू झाला, तेव्हाही मावशीने नुकत्याच ट्यूब लावल्या होत्या. काल उन्हं कलल्यावर चालू झाला, तेव्हाही ट्यूब लागल्या होत्या.

"मावशी, थांब. पिशवी भरू नकोस." भिंगरी केबिनच्या दारात गेली. "मालक, हे सुटलेलं नाही. ऊन पडलं की मेल पुन्हा बंद पडेल."

मालक आधी बघत राहिले आणि मग हसले. "मेलला काय ऊन लागतं?"

"ताईंना झोप हवी," मोरीवरून पिठ्या म्हणाला.

"हसा. पण बघा."

मग वाट बघणं सुरू झालं, आणि ते सगळ्यात वाईट होतं. ढग हलेनात. मावशी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. भिंगरीला स्वतःच्याच तर्काची भीती वाटू लागली. खिडकीबाहेरच्या समोरच्या भिंतीवर तिची नजर खिळली होती. ती भिंत आधी मळकट होती. मग किंचित फिकी झाली. मग एकदम पिवळी धमक.

मागच्या खोलीतून रंगमास्तरांचा समाधानाचा आवाज आला, "हां, आता कसं!" खुर्ची सरकली. कसला तरी जुना पंखा घुर्र करून फिरू लागला.

मालक हसायचे थांबले होते. ते पडद्याकडे बघत होते. काही वेळ काहीच झालं नाही.

मग केबिनमध्ये 'टुण्' झालं.

६

सगळे मागच्या खोलीत जमले, आणि रंगमास्तरांनी दात खाली ठेवला. "आता सगळ्यांनी मिळून माझा उजेड अडवायचं ठरवलंय का?"

"मास्तर, हा कंप्युटर तुम्ही कधी चालू करता?" भिंगरीने विचारलं.

"उजेड चांगला असला की. उजेड नसताना फोटो बघून काय करू?"

"आणि उजेड गेला की?"

"बंद. पंखा फार ओरडतो त्याचा."

"हा पुठ्ठा मी काढू?"

रंगमास्तरांनी तिच्याकडे, मग मावशीच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "काढ. पण हळू, नीट कापलाय तो."

भिंगरीने चौकटीचा खालचा उजवा कोपरा सोडवला. पुठ्ठ्याआड, पडद्याच्या कोपऱ्यात, छोट्या छोट्या चौकटी एकीवर एक रचून उभ्या होत्या. प्रत्येकीत तेच वाक्य: पासवर्ड चुकीचा, पुन्हा प्रयत्न करत आहे. त्याच्या बाजूला एका मेल-प्रोग्रॅमची खूण होती. भिंगरीने ती दाबली आणि इनबॉक्स उघडला. सगळ्यात वर सहा दातांचा मेल होता. त्याखाली बाकीचे, सगळेच्या सगळे.

पिठ्याने शीळ घातली.

"ठोठावणारं माणूस नव्हतंच," भिंगरी म्हणाली. "माणूस दोनदा चुकला की थांबतो, दुसरं काहीतरी करून बघतो. हा तीच चूक न कंटाळता करत होता, म्हणजे प्रोग्रॅम. आणि त्याची तक्रार कुणी वाचत नव्हतं, म्हणजे तो अशा पडद्यावर, जिथे कुणी मेल बघायला बसत नाही. उन्हात चालतो, ढगात थांबतो. या लॅबमध्ये उजेड बघून सुरू होणारं यंत्र एकच आहे. यावर नेट नाही असं मास्तरांना वाटतं, कारण त्यांनी कधी जोडलं नाही. पण याला इथलं वाय-फाय आधीपासून पाठ होतं. चालू झाला की हा आपणहून नेटला लागतो, मेल-प्रोग्रॅम आपणहून मागे सुरू होतो, मेल उतरवतो आणि तिकडची प्रत पुसतो. पासवर्ड बदलल्यावर उतरवता येईना, म्हणून नुसता ठोठावत बसला."

"आणि हा कंप्युटर मास्तरांच्या आधी..." मावशीने वाक्य पुरं केलं नाही.

मालक पडद्यासमोर उभे होते. "वेबमेलची जागा भरायची तेव्हा," ते शेवटी म्हणाले, "म्हणून मी तसं लावलं होतं. उतरवा आणि पुसा. फार जुनी गोष्ट. मी विसरूनही गेलो. मास्तरांना देताना मी सगळं साफ केलं होतं... फोटो, गाणी..." मग एकदम रंगमास्तरांवर उसळले, "पण तुम्हाला इतके दिवस दिसलं नाही?"

"मला दात बघायला ठेवलंय," रंगमास्तर म्हणाले.

भिंगरीने तो प्रोग्रॅम बंद केला आणि कंप्युटरमधून काढून टाकला, मेल मात्र आधी जपून बाजूला घेतले. मग सगळे केबिनमध्ये आले आणि थांबून राहिले. मागच्या दाराची कडी निघायला वेळ लागला. निघाली, तेव्हा भर उन्हात मेल उतरू लागले, आणि एकही 'टुण्' झालं नाही.

मालकांनी हात झटकले. "चला! गैरसमज होता, मिटला. त्या नव्या माणसाला मी येऊ नको म्हणून कळवतो. बाई, ती पिशवी रिकामी करा, कामाला लागा. ते सहा दात आज भट्टीत गेले पाहिजेत."

भिंगरी मावशीकडे वळली. मावशीने पिशवी खाली ठेवली नव्हती.

"मिटला नाही अजून," मावशी म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्ही तीन डॉक्टरांना सांगितलंत. त्यांना फोन करा."

"करतो की. सांगतो, मेलचा घोळ होता, निस्तरला."

"आत्ता करा. माझ्यासमोर."

मालकांनी इकडेतिकडे पाहिलं. पिठ्या दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि मोरीवर परत जायची त्याला मुळीच घाई नव्हती. रंगमास्तरही उजेड सोडून पुढे आले होते. मालकांनी फोन उचलला आणि सहा दातवाल्या डॉक्टरांचा नंबर लावला. पलीकडून आवाज आला.

"हां डॉक्टर, मी बोलतोय. ते मेलचं होतं ना आपलं, त्यात जरा तांत्रिक..."

मावशीने मान हलवली. नाही.

मालक थांबले. पलीकडून "हॅलो? हॅलो?" ऐकू येत होतं. त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा सुरुवात केली.

"डॉक्टर, तुमचा मेल माझ्यामुळे हरवला. माझ्या जुन्या कंप्युटरमुळे. बाईंचा काही संबंध नव्हता. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

मावशीने पिशवी खुर्चीवर ठेवली, पण हात काढला नाही.

"आता दुसरे," ती म्हणाली.